मंजिरीच्या स्लाइड्स

मंजिरीला जाऊन आज वर्ष झालं, आणि ती थोडीशी अजून आमच्या फ्रिजवर आहे.

घाबरू नका. स्लाइड्स आहेत. बायोप्सीच्या.

मानेतली गाठ तपासायला दिलेली, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला म्हणून लॅबमधून मागून आणलेल्या. काचेच्या पट्ट्या, प्लास्टिकच्या छोट्या डबीत. मग धावपळीत घरीच राहिल्या.

अस्थी खाडीत सोडल्या. साड्या वाटून टाकल्या. डबी कोणाच्या लक्षात आली नाही.

माझ्या होती. मी गप्प बसलो.

जे तिला ओळखत नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. मंजिरी डोंबिवलीत शाळेत सायन्स शिकवायची. मी वागळे इस्टेटला एका कंपनीत, परचेसमध्ये. मूलबाळ नाही. घरात आम्ही दोघं आणि शाळेने भंगारात काढलेला एक मायक्रोस्कोप. तो डायनिंग टेबलवर असायचा, लोणच्याच्या बरणीशेजारी.

मुलांचं गालाच्या पेशींचं प्रॅक्टिकल असलं की आदल्या संध्याकाळी घरी ट्रायल. आणि गाल कोणाचा? माझा.

मी ऑफिसमधून येऊन बूट काढतोय तोवर बाई टूथपिक घेऊन समोर.

"आ कर."

"अगं, चहा तरी घेऊ दे!"

"आधी आ कर. मग चहा."

गालाच्या आतून हलकेच खरवडायची, काचेवर पसरायची, निळ्या रंगाचा थेंब टाकायची, वर पातळ काच. मग डोळा लावून बसायची आणि एकदम खूश.

"अरे, काय सुंदर केंद्रक आहे तुझं! मधोमध, गोल!"

एवढ्या वर्षांच्या संसारात माझ्या रूपाचं झालेलं हे एकमेव कौतुक.

मग माझी पाळी.

"काय दिसतंय?"

"हो हो, दिसतंय."

"अरे पण काय दिसतंय?"

"काळ्या काळ्या रेघा आहेत."

"त्या तुझ्या पापण्या आहेत, गाढवा!"

दर वर्षी हेच. चष्मा काढ, डोळा चिकटवू नकोस, जरा लांबून बघ, स्क्रू हळू फिरव. मला कुठला धीर! मी आपला चहाकडे बघत.

एकदा म्हणाली, "गालाच्या पेशी सारख्या झडतात आणि नव्या येतात. पुढच्या प्रॅक्टिकलला हा गाल नसणार तुझा."

"आणि डोक्यातल्या?"

"मेंदूतल्या बहुतेक जन्मभर त्याच. म्हणून तर तू सुधारत नाहीस."

बायोप्सीचा रिपोर्ट आला, स्लाइड्स घरी आणल्या, त्या संध्याकाळी मी बाल्कनीत तोंड लपवून रडत होतो. आत आलो तर ही टेबलावर स्वतःची स्लाइड लावून बसलेली. माझं डोकंच फिरलं.

"काय बघतेस त्यात? बंद कर ते!"

"माझंच आहे. मी नाही बघायचं तर कोणी?"

वर मान न करता बोलत होती. वर्गात बोलायची ना, त्याच आवाजात.

"ह्या पण माझ्याच पेशी आहेत रे. बाहेरून कोणी आलेलं नाही. विभागायचं काम चालू केलं आणि थांबायचं विसरल्या."

मग उठली, मला खुर्चीत बसवलं.

"काय दिसतंय?"

"दिसतंय," म्हटलं मी. डोळ्यात पाणी, काय दिसणार कप्पाळ.

त्या दिवशी तिने पुढचं विचारलं नाही. नुसती पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

आज वर्षश्राद्ध झालं. सुनंदाताई, माझी मोठी बहीण, सकाळीच बाळकुमहून आलेली. गुरुजी गेल्यावर आवराआवर करताना तिला डबी सापडली. काय आहे ते सांगितलं तर तिने ती पटकन टेबलावर ठेवून दिली.

"अरे देवा! विनू, वर्षभर हे घरात? असं अडकवून ठेवतात का रे माणसाला? चल, आत्ताच्या आत्ता खाडीत सोडून येऊ."

रागाने नव्हती म्हणत. तिला मंजिरीची काळजी होती. माझीपण.

"जाऊ," म्हटलं, "पण एकदा बघू दे मला. नीट."

मायक्रोस्कोपवरची धूळ पुसली. चष्मा काढला. डोळा चिकटवला नाही. जरा लांबून. स्क्रू हळू.

आधी रेघा. मग धुकं. आणि मग एकदम, अहो, दिसलं!

गुलाबी पसाऱ्यात जांभळे ठिपके. शेकडो. काही लहान, काही फुगलेले, एकमेकांना ढकलत दाटीवाटीने बसलेले. ती केंद्रकं. मला एवढं तरी येतं.

त्यातल्या शहाण्या पेशी कुठल्या आणि थांबायचं विसरलेल्या कुठल्या, काही कळेना. विचारायचं कोणाला? सगळ्या तिच्याच. मी सगळ्यांकडे बघत बसलो.

बऱ्याच वेळाने ताई म्हणाली, "मला पण दाखव."

तिला खुर्चीत बसवलं.

"काय दिसतंय ताई?"

"हो रे, दिसतंय की."

"काय दिसतंय?"

"काळ्या काळ्या रेघा आहेत बघ."

मी हसलो. वर्षभरात पहिल्यांदा, पोट धरून. आणि मग हसता हसता जे रडू फुटलं ते थांबेना. ताईने जवळ घेतलं. खाडीचं नाव परत काढलं नाही. जाताना एवढंच म्हणाली, "फ्रिजवर नको ठेवूस. तेलकट होते डबी."

ताई गेली. टेबलाशी मी एकटाच आहे. दिसलं, हे ज्या बाईला सांगायचं ती नाही, आणि सांगितल्याशिवाय राहवत नाही. म्हणून इथे लिहितोय.

मंजिरी, दिसलं गं. पापण्या नव्हत्या. शप्पथ.

आता विचार ना, काय दिसतंय.