गाय बसवणारा जावई

आधीच सांगून टाकतो, भूत, भानामती, करणी, दृष्ट यांतल्या कशावरही माझा काडीचा विश्वास नाही. आमच्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली आणि घरातला देव्हारा काढून त्या कोनाड्यात कंदील ठेवला. भुताला घाबरलो असतो तर भुताच्या आधी बापानंच झोडपलं असतं. तरी पण... हे झालं, आणि माझ्या हातून झालं.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. आमचं वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. मी मुंबईकडे एका अणु-कारखान्यात नोकरीला होतो (नाव सांगत नाही, पेन्शन तिथूनच येते). काम काय, तर किरणोत्सर्गी सांडपाणी टाकीत घ्यायचं, चुना आणि लोखंडाचे क्षार घालायचे, आधी जोरात ढवळायचं, मग हळू, मग थांबायचं. पाण्यातले जड, विषारी धातू गाळाबरोबर तळाला जातात. वरचं निवळ पाणी तपासून पुढे, गाळ सिमेंटात बंद. थोडक्यात, गाळ बसवणे.

आता आमच्या वऱ्हाडात 'ळ'चा 'य' होतो. डोळा म्हणजे डोया, केळं म्हणजे केयं. मुंबईत राहून मी जीभ बरीच सरळ केली होती, पण सुटीवर जऊळक्याच्या स्टेशनात उतरलो की ती पुन्हा मूळपदावर!

अशाच एका सुटीत मामा मला आसेगावला मुलगी दाखवायला घेऊन गेले. मुलीचे वडील तुकारामजी 'जयभीम' म्हणाले खरे, पण चेहरा सुतकी. शांता पोहे घेऊन आली. पोह्यात मीठ होतं की नव्हतं, मला आजही माहीत नाही. मनात म्हटलं, लग्न करीन तर हिच्याशीच.

"मंबईले कायचं काम करता जी?" तुकारामजींनी विचारलं.

मी ऐटीत म्हणालो, "अणूच्या कारखान्यात गाय बसोतो."

तुकारामजी बसल्या जागी पुढे सरकले.

"गाय... बसोता?"

"हो. रोज. मोठ्ठ्या टाकीत."

"अन् बसते?"

"न बसून सांगते कोनाले! कधी टाइम लागते, पन बसते."

तुकारामजींचे डोळे भरून आले. त्यांनी चक्क हात जोडले. "आमची कपिली चार दिसापासून बसली नाही जी. गाभन हाये. डाक्टर म्हन्ते पोटात तार गेली असंल. उभ्या उभ्या मरीन आता थे."

माझ्या डोक्यात उजेड पडला. घाईघाईनं म्हणालो, "अहो, गाय नाही... गाय!" जीभ टाळूला लावली, घसा खाकरला, पण तो मेला 'ळ' काही निघेना. मामांनी कपाळाला हात लावला.

दाराआडून शांताचा आवाज आला, "बाबा, याईले जमत नसंल तं सांगून टाका म्हना. थापाड्याच्या घरी मी नाही जात."

आली का पंचाईत! गाय बसली नाही तर शांता गेली.

भर दुपारी गोठ्यात अर्धं आसेगाव जमलं. कपिला मान ताणून थरथरत उभी होती, पाय सुजलेले. तिच्या पुढ्यात बादली, पाणी काळ्या मातीनं चहासारखं गढूळ. तिनं तोंडही लावलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

गर्दीतून कोणी विचारलं, "मंत्र हाये का काही?"

"मंत्र-फंत्र नाही चालत आमच्या घरी!" तुकारामजी कडाडले. "सायन्सनं बसोतीन ते!"

सायन्स! खिशात रुमालाशिवाय काही नव्हतं. मग कारखान्यात करतो तेच मोठ्यानं म्हणायला लागलो, "चुना घाला. क्षार घाला. जोरात ढवया..." मामा भाबडेपणानं हवेत हात फिरवू लागले. "आता हयू ढवया... बंद." आणि टाकीपुढे रोज पुटपुटायचो तसंच तोंडून निघालं, "बस, माय, बस."

कपिलानं मोठा सुस्कारा टाकला. पुढचे गुडघे वाकवले. आणि बसली.

गोठ्यात एकच गलका! तुकारामजी रडत होते, मामा स्वतःच्या हातांकडे बघत होते. संध्याकाळपर्यंत कपिलाला कालवड झाली आणि आमची सोयरीक पक्की.

पण खरी गोष्ट त्याआधीची. सगळे गाईभोवती असताना शांतानं मला खुणेनं बोलावलं. ती बादलीपाशी उभी होती. मी वाकून आत पाहिलं. पाणी इतकं निवळ, की बादलीच्या बुडाचा पोचा दिसत होता, आणि त्याभोवती काळ्या गाळाचा जाड थर. ती माती तुरटी फिरवली तरी लवकर बसत नाही. आणि मी तर बादलीला हातही लावला नव्हता.

शांता हळूच म्हणाली, "खरं सांगा, तुमी कोनती गाय बसोत होते?"

गाईचं एक वेळ समजू शकतो, थकली होती, बसली असेल. पण बादली? कारखान्यात परत गेल्यावर हट्टी टाक्यांपुढे किती वेळा "बस, माय" म्हणून पाहिलं. चुना घातल्याशिवाय एकही बसली नाही.

आजही कोणी शांताला विचारलं, तुमचे हे काय करायचे, तर ती सरळ सांगते, "गाय बसोत होते." कोणती, ते तिलाही ठाऊक नाही आणि मलाही नाही.