उघाडीजवळची माती

लढाईची गोष्ट सांगतो म्हटलं की तुम्ही जरा पुढे सरकून बसता. बसू नका. आमच्या गावावर बॉम्ब पडला नाही, विमान पडलं नाही, हेर सापडला नाही. एक विमान वरून गेलं, तेही इतक्या उंचावरून की ते आपलं की त्यांचं यावर दोन दिवस भांडण चाललं, आणि शेवटी ती घार होती असं ठरलं. मी नकला करतो. त्यामुळे मी तोंड उघडलं की लोक आधीच हसायच्या तयारीत असतात. तीही तयारी थोडी बाजूला ठेवा. थोडीच. सगळी ठेवलीत तर मला सांगता यायचं नाही.

आमचं गाव गव्हाणच्या बाजूचं, खाडीला अगदी चिकटून. भरतीचं पाणी आमच्या शेतांपेक्षा उंच चढतं. मध्ये आहे तो मातीचा बांध. बांधाला एक उघाडी आहे, म्हणजे लाकडी फळ्यांचं दार. ओहोटीला उघडायचं, पावसाचं पाणी खाडीत सोडायचं, भरतीला बंद करायचं. एवढ्यावर अख्खं गाव जेवतं. खारं पाणी एकदा आत आलं की त्या सालचं भात तर जातंच, पण जमीनही पुढचे दोन-तीन पावसाळे रुसून बसते. मिठानं पांढरी होते, गवतसुद्धा उगवत नाही.

पावसाआधी घरोघर आगोट भरतात. सुकट, मिरची, लाकडं, चार महिन्यांचं सगळं. तशी आमच्या गावाची एक आगोट होती. वैशाखात दर घरानं वीस टोपल्या चिकण माती उघाडीजवळ आणून टाकायची. तिचा ढीग रचायचा, वर माडाची झापं घालायची, म्हणजे पावसात माती आत घट्ट राहते. शेजारी दगड, पेंढ्याच्या गुंड्या. आणि घरात प्रत्येकानं दोन रिकाम्या गोण्या, एक घमेलं, एक फावडं वेगळं ठेवायचं. बांध फुटला की बांधावरून साद यायची आणि घरटी एक माणूस हातातलं टाकून पळायचा. त्या ढिगाला बारा महिने कुणी हात लावायचा नाही. एका बाईनं चूल लिंपायला टोपलीभर माती नेली होती, तिच्याकडून गावानं दोन टोपल्या भरून घेतल्या. ही बाई म्हणजे माझी आत्या. ती तेव्हा पंधरा दिवस गावाशी बोलत नव्हती, पण माती तिनं स्वतः डोक्यावरून आणून टाकली.

आत्या विधवा. एक मुलगी आणि बांधाला लागून शेताचा एक तुकडा, बस. नवरा गेल्यावर ती बरीच वर्षं मिठागरात मीठ वाहायला जायची. तिचे पाय तुम्ही बघितले नाहीत ते बरं आहे. भेगांत मीठ जाऊन पाय असे झाले होते की ती घरातसुद्धा चवड्यांवर चालायची. लढाईच्या आदल्या साली शेत चांगलं पिकलं आणि तिनं मिठागर सोडलं. ह्या साली अजून एकदा पिकलं की परत त्या वाटेला जाणार नाही, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. भात पोटरीला आलं होतं. रोज संध्याकाळी ती शेतावर जाऊन यायची, काम नसताना.

आणि एक आजा होता. माझा सख्खा नव्हे, गावाचा. तरुणपणापासून बांध राखायचं काम त्याच्याकडे. रोज भरतीच्या वेळी काठी घेऊन बांधाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचा आणि खेकड्यांची भोकं शोधायचा. बांध मोठ्या लाटेनं फुटत नाही, खेकड्याच्या भोकानं फुटतो, हे त्याचं म्हणणं. भोक दिसलं की काठी खुपसायची, मान वाकडी करून ऐकायचं, मग मूठभर चिखल दाबायचा. पुढचे दात नव्हते, त्यामुळे बोलताना शीळ वाजायची. त्याची नक्कल माझ्या सगळ्या नकलांत पहिल्या नंबरची. पनवेलच्या शाळेत मी मास्तरांच्या नकला करायचो, मोरा बंदरातल्या लाँचचा भोंगा काढायचो, पण गावात लोक म्हणायचे, आज्याला आण. मी काठी घ्यायचो, मान वाकडी करायचो, आणि लोक पोट धरून बसायचे. आजा स्वतःही कधी कधी हसायचा.

मग पासष्टची लढाई लागली. तालुक्याहून एक साहेब जीपमधून आले. गावानं संकटासाठी तयार पाहिजे, म्हणाले. गाव म्हणालं, आहोत. साहेबांनी ते कानावर घेतलं नाही. पहिला हुकूम, दिवे दिसता कामा नयेत. गावात वीज नव्हतीच, रॉकेल मिळत नव्हतं, म्हणजे हा हुकूम आम्ही जन्मापासून पाळत होतो. दुसरा हुकूम, शाळेपुढे खंदक खणा. भादव्यात खाडीकाठी दोन हात खणलं की काय होतं ते तुम्हाला कळलंच असेल. साहेब म्हणाले, पाणी उपसा. आम्ही उपसत होतो, बेडूक परत येत होते. तिसरा हुकूम भोंग्याचा. भोंगा गावाला परवडणारा नव्हता, म्हणून तो मी झालो. अकरावी झालेला, नोकरी नसलेला, गळा मोकळा. शाळेच्या ओट्यावर उभा राहून मी पनवेलला ऐकलेला भोंगा तोंडानं काढला. पोरं खंदकात उड्या मारून कमरेपर्यंत भिजली, सगळ्या गावची कुत्री मला साथ द्यायला आली. साहेबांनी माझी पाठ थोपटली. तेव्हापासून माझं डोकं जागेवर नव्हतं, हे आता कळतं.

चौथा हुकूम, शाळेच्या भिंतीला मातीनं भरलेल्या गोण्या लावा, छातीइतक्या उंच. आता भादव्यात कोरडी माती आणणार कुठून? शेतात पाणी, वाटांवर चिखल. त्यावर सभा भरली, साहेबही आले. बोललो मी. म्हटलं, उघाडीजवळ झापांखाली एवढा ढीग आहे, गोण्या पण घरोघर तयारच आहेत. साहेबांना हे एकदम पसंत पडलं.

आजा मागे बसला होता. तो उठला आणि म्हणाला, "माती हलवू नका. भादव्याचं उधान अजून बाकी हाय. शालंला काय व्हायचं नाय."

लोक चुळबुळले. आज्याचं म्हणणं खरं आहे हे प्रत्येकाला माहीत होतं. अजून कुणी एक जण बोलला असता तर तिथंच थांबलं असतं. माझी आत्यासुद्धा बायकांत बसलेली होती, ती पदर सावरून उठू बघत होती, बोलणार होती. पण मी आधी उठलो. आज्याच्या हातातली काठी घेतली, मान वाकडी केली आणि साहेबांच्या खुर्चीजवळ जाऊन त्यांच्या दोन बुटांच्या मध्ये काठी खुपसली. ऐकल्यासारखं केलं. मग शीळ वाजवत म्हटलं, "सायेब, हितं बी भोक हाय."

असा हशा मला आयुष्यात मिळाला नव्हता. साहेबही हसले, टोपी काढून हसले. आत्यानं तोंडावर पदर धरला होता आणि तिचे खांदे हलत होते. हसू ओसरलं तेव्हा साहेब म्हणाले, चला, ठरलं. आणि ठरलं.

आजा माझ्यापुढे हात करून उभा होता. एवढंच म्हणाला, "काठी दे."

दोन दिवसांत ढीग संपला. मीच पुढे होतो. आत्यानं दारावरून जाणाऱ्या आम्हा सगळ्यांना चहा दिला. शाळेला गोण्यांची भिंत झाली, वर झापं घालायचं कुणाच्या मनात आलं नाही. चार सरी पडल्या आणि गोण्या फुगल्या, खालून चिखल गळायला लागला. मग रेडिओवर लढाई थांबल्याचं सांगितलं. आजा घरोघर जाऊन म्हणाला की आता तरी माती परत न्या, अमावास्येला दोन दिवस राहिलेत. लोक म्हणाले, साहेबांनी लावायला सांगितलं, काढायला सांगितलेलं नाही, हुकूम येऊ दे. ह्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. मी तर तेव्हाही त्याच्या मागून त्याच्यासारखा चालत होतो.

अमावास्या सर्वपित्रीची. भर दुपारची भरती. घरोघर पानं वाढलेली, कावळ्याला घास ठेवून माणसं अंगणात उभी. वारा खाडीकडून होता. आणि बांधावरून आज्याची साद आली.

आता तुम्हाला वाटलं असेल की मी त्या सादेची इतक्यांदा नक्कल केली होती की लोकांना मस्करी वाटली आणि कुणी आलं नाही. तसं झालं असतं तर निदान एकट्या माझ्यावर ढकलून मोकळं होता आलं असतं. पण तसं झालं नाही. लोक आले. सगळे आले. खरकट्या हातांनी आले. घमेली होती, फावडी होती, पेंढा होता, दगड होते. माती नव्हती.

उघाडीपासून वीस पावलांवर भोक पडलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा ते हंड्याएवढं होतं. एवढं असताना पेंढा कोंबून वर भराभर चिकण माती मारली की पाणी ऐकतं. आम्ही पेंढा कोंबला, दगड टाकले. दगडांच्या फटींतून पाणी येतच राहिलं आणि मग पेंढाच आमच्या अंगावर उडून आला. शेतातला चिखल घमेल्यांनी मारला, तो वरणासारखा वाहून गेला. बारा-पंधरा जण गोण्या आणायला शाळेकडे धावलो. मी पहिली गोणी पाठीवर घेतली आणि ती मधोमध फाटली. कुजली होती. दुसरीही फाटली. पाठीवरून सगळा गाळ माझ्या पायांवर पडला. तीन धड निघाल्या, त्या घेऊन आम्ही परत आलो तोवर भोकाचा दरवाजा झाला होता.

आत्या त्या खिंडारात बसली होती. पाण्याकडे पाठ करून, दोन बायकांच्या हातात हात अडकवून. त्यांच्या बगलांतून पाणी येत होतं. तीन गोण्या आम्ही त्यांच्या पुढे टाकल्या, त्या कुठे गेल्या ते दिसलंही नाही. आज्यानं ओरडून सांगितलं, बायांना काढा, बांध जातोय. आम्ही तिला ओढत होतो आणि ती उठत नव्हती. माझ्या हाताला चावली. बाहेर काढली आणि बांधाचा तेवढा तुकडा खाली बसला.

मग करण्यासारखं काही नव्हतं. सगळे बांधावर उभे राहून बघत होते. पाणी काही घाईत नव्हतं. पहिल्यांदा आत्याचं शेत, मग पुढची. भाताची टोकं थोडा वेळ वर दिसली, मग नुसतं पाणी. मागे गावात कावळे वाढलेल्या पानांवर पडले होते, त्यांचा आवाज येत होता.

थंडीत गावानं बांध सांधला. पुढच्या वैशाखात ढीगही रचला, मी आत्याच्या वीस टोपल्या टाकल्या, माझ्या वीस टाकल्या. साहेब परत आले नाहीत. शाळेच्या भिंतीला त्या मातीचा डाग छातीइतक्या उंचीवर अजून आहे. दोन पावसाळे झाले, आत्याचं शेत पांढरंच आहे. ती परत मिठागरात जाते. आता मुलगीही बरोबर असते.

आणि आजा बांधावर जात नाही. कुणी काही बोललं नाही त्याला, उलट सगळे आर्जव करून आले. तो दारात बसतो, काठी आढ्याला खोचलेली. त्याला विचारायला गेलं की म्हणतो, डोळ्यांनी दिसत नाय आता. दिसतं त्याला. बांध राखायला दुसरं कुणी नाही, म्हणून ह्या भादव्यापासून मी जायला लागलो. बाभळीची एक काठी तोडून घेतली. पहिल्या दिवशी बांधावर चढलो आणि पाय आपोआप त्याच्यासारखे पडायला लागले. मान वाकडी झाली. मला दुसऱ्या कुठल्या प्रकारे बांधावर चालता येत नाही. एक जागा ओली दिसली तिथे काठी खुपसून मी ऐकत होतो, आणि आत काय ऐकायचं असतं ते मला माहीत नव्हतं.

आत्या मिठागरावरून परत येत होती. बांधावरूनच वाट आहे. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलली नव्हती. रागानं दोन शब्द तरी बोलेल म्हणून मी दोन वर्षं वाट बघितली होती. ती माझ्यासमोर थांबली, डोक्यावरची रिकामी टोपली खाली ठेवली, पोरीला पुढे जायला सांगितलं.

"चालतोस तर डिट्टो म्हाताऱ्यासारखा," ती म्हणाली. "दिसतंय का काय तुला त्यात?"

मी म्हटलं, नाही.

"मग कशाला खुपसतोस? असलेलं भोक मोठं करशील. तू हसवलंस त्याचा मला राग नाय रे. तुला दुसरं येतंय काय? पन मी हसले. माझी माती, माझं शेत, आन् मीच दात काढले. तोंडात आलेला शब्द गिळला नि हसले. आता कुठल्या तोंडानं जाऊ त्याच्या दारात?" ती वाकून टोपली उचलायला गेली, उचलली नाही. "जा. फेक ती काठी आन् जा त्याच्याकडं. पाय धर. हाकलील, परत जा. रोज जा. तो सांगंल तसं बघायला शीक. आन् तो शिकवत असताना जर का त्याची शीळ काढलीस, तर ह्या उघाडीत कोंबीन तुला, पेंढ्याच्या जागी."