रूपाच्या पोटात काय जातंय?

सातवीत शाळा सोडल्यापासून मला कुणी काही लिहून आणायला सांगितलं नव्हतं. ते सांगितलं मांजराच्या डॉक्टरांनी.

मांजर हंसाबांची, आमच्या घरमालकिणीची. धुळ्याहून बायको-लेकराला घेऊन सुरतेत उतरलो, तेव्हा पर्वत पाटिया भागात कुणी दारात उभं करेना. बांनी खोली दिली, वर चहा पाजला. त्याच बा दोन महिने लेकीकडे राजकोटला निघाल्या. “दीकरा, मारी रूपा तारे हवाले,” म्हणाल्या आणि त्याच आठवड्यात रूपाला जुलाब लागले. थांबेनातच. फोनवर मी बांना रोज “मजामां छे” सांगायचो आणि फोन ठेवून फडकं शोधायचो. हिला काही झालं, तर बांना तोंड कसं दाखवू?

डॉक्टरांनी तपासलं. जंत नव्हते. त्यांनी मांजराच्या तयार खाण्याची पिशवी हातात दिली. “खाने में ही कुछ है. तीन हफ्ते सिर्फ ये दाना. जो खाएगी, लिखना.”

मी वही सुरू केली. सकाळी दाणे. संध्याकाळी दाणे. जुलाब. पंधरा दिवस हेच.

“और कुछ दिया?”

“आईची शपथ साहेब, कुछ नहीं.”

म्हणजे देणारा दुसराच! खालच्या भानूबेनना गाठलं. “तुम्ही हिला ताक तर पाजत नाही ना?”

“अमारी छास महेमाननेय नथी मळती, भाई. बिलाडीने क्यांथी?” पाहुण्यालाही न मिळणारं ताक मांजराला पाजल्याचा आळ घेतला, म्हणून त्या दिवसापासून त्यांनी बोलणं टाकलं. मी रूपाला आमच्या खोलीत कोंडलं. जुलाब चालूच, फक्त आता आमच्या गादीवर.

तिसऱ्या खेपेला बायको, मंगला, सोबत आली. डॉक्टरांनी वही चाळली. मंगला म्हणाली, “अन् तो गाईचा घास कोन खातं मंग?”

डॉक्टरांचं पेन थांबलं. मला समजावून सांगावं लागलं. जेवणाआधी गाईचा घास काढायचा, ही आमच्याकडची रीत. (तिसऱ्या मजल्यावर गाय कुठून आणणार?) बा गेल्यापासून रूपा ताटासमोर येऊन बसायची, म्हणून तो तिला. शेवभाजीत बुडवलेला, लाल तर्रीचा. दोन वेळा.

“पण साहेब, ते खाणं थोडंच आहे? तो तर गाईचा.”

“ये बात बिल्ली के पेट को मालूम है?”

घास बंद केला आणि आठवडाभरात रूपा ठणठणीत झाली. बा परतल्या. गुटगुटीत रूपाला कडेवर घेऊन, माझ्याकडे बोट दाखवत गल्लीभर सांगत सुटल्या, “आणे मारी रूपाने बचावी!” खरं सांगायला मी तोंड उघडलं, तर मंगलाने पायावर पाय दिला.

आता कुणाचंही मांजर ओकलं की माझ्याकडे आणतात. मी गंभीर चेहऱ्याने एवढंच सांगतो, “आधी घरातला सगळ्यात प्रामाणिक माणूस पकडा.”