मळलेली कड

नोकरी गेल्यापासून मी वेबसाइट बनवण्यासाठी जावास्क्रिप्ट शिकतो आहे. शिकतो म्हणजे, पुस्तकं निवडतो.

परवा जुन्या पुस्तकांच्या दुकानात एक जाडजूड पुस्तक हातात घेतलं. मिटलेलं पुस्तक बाजूने पाहिलं, तर पानांची कड सुरुवातीला बोटभर मळलेली आणि पुढे पांढरीशुभ्र. शेजारचं काढलं, तेही तसंच.

"घ्या, नवंच आहे म्हणा ना," दुकानदार काका म्हणाले. "या कॉम्प्युटरच्या पुस्तकांची पुढची पानं कुणी उघडतच नाही."

मी उघडून पाहिलं. पहिल्या प्रकरणात कुणीतरी पट्टी लावून पेन्सिलीने रेघा मारल्या होत्या. दुसऱ्यात पट्टी नव्हती, रेघा वाकड्या झाल्या होत्या. तिसऱ्यात एकच रेघ, तीही अर्ध्या ओळीत थांबलेली. पुढे सगळं कोरं. या माणसाबद्दल काहीतरी वाटायला हवं होतं. वाटलं नाही. हल्ली फारसं काही वाटत नाही. मी पुस्तक घेतलं.

घरी बायकोने विचारलं, "आधीचं संपलं का?"

"हे जास्त सोपं आहे," मी म्हणालो. "पहिल्यापासून नीट सुरू करतो."

कपाटावर आधीची तीन आडवी रचलेली होती, त्यांच्यावर तिने हे चौथं ठेवलं. खुर्चीत बसल्यावर चारही पुस्तकांच्या कडा समोर आल्या.

आधीची तिन्ही मी कोरी करकरीत आणली होती. त्यांचीही कड बोटभरच मळली आहे.