सेरेसचे ठिपके आणि लेले सरांचा फळा

किस्से ठरवून जमवता येत नाहीत. पुण्यातली, स्वतःचं मत असलेली चार-सहा माणसं दर शनिवारी एका खोलीत बसवायची आणि पंखा लावून द्यायचा, बस्स! वर्षभरात बसायला जागा उरत नाही इतके किस्से होतात. त्यात आमच्या गटाचा विषय असा, की त्याबद्दल तेव्हा जगात कोणालाच नक्की काही ठाऊक नव्हतं. त्यामुळे बोलायला सगळेच मोकळे!

विषय होता सेरेस. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात फिरणारा बटुग्रह. २०१५च्या सुरुवातीला एक यान त्याच्या जवळ पोचत होतं आणि त्याने पाठवलेल्या फोटोंत, त्या काळपट गोळ्यावरच्या एका विवरात, दोन लख्ख पांढरे ठिपके दिसले. कोणीतरी तिकडून टॉर्च मारावा तसे! बर्फ? ज्वालामुखी? की आणखी काही? शास्त्रज्ञही डोकं खाजवत होते.

मी ॲरिझोनात ग्रहविज्ञान शिकून नुकतीच परतले होते. तिकडे राहता आलं असतं. पण मला इथे काहीतरी उभं करायचं होतं. साधी माणसं येतील, वाटेल तो प्रश्न विचारतील आणि कोणी त्यांना हसणार नाही, असा एक गट.

आई म्हणाली, "मुक्ता, आधी नोकरी बघ."

मी म्हणाले, "आधी हॉल बघते."

*

हॉल मिळाला सदाशिव पेठेत. लेले सरांच्या गणिताच्या क्लासचा.

लेले सरांचे दोन नियम सगळ्या पेठेला माहीत होते. पहिला, मार्क स्टेप्सना, उत्तराला नाही. एका मुलाने मधलं काहीच न लिहिता थेट उत्तर लिहिलं. त्याला दहापैकी एक मिळाला. तो पेपर घेऊन तावातावाने सरांकडे गेला. "सर, पण उत्तर बरोबर आहे!"

"म्हणून तर एक दिला."

दुसरा नियम असा, की न सुटलेलं गणित फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात चौकट करून लिहायचं आणि सुटेपर्यंत कोणी पुसायचं नाही. चौकट पुसणाऱ्याची सर थेट घरी रवानगी करत.

मी दर शनिवारी संध्याकाळी हॉल मागितला. फुकट. सरांचा मुलगा अमोल क्लासचं सगळं व्यवस्थापन बघतो. तो म्हणाला, "बाबा, शनिवारी एन्ट्रन्सची नवी बॅच बसवायचीय आपल्याला. हे ठिपके फी भरणार आहेत का?"

सरांनी माझ्या हातात खडू दिला. "प्रश्न लिहा."

मी लिहिलं: 'सेरेसवरचे पांढरे ठिपके कशाचे?'

सरांनी त्याभोवती पट्टीने चौकट आखली. "हे सुटेपर्यंत शनिवार तुमचा. सुटलं की अमोलचा."

मी आनंदाने तरंगतच जिना उतरले. शेवटच्या पायरीवर डोक्यात प्रकाश पडला. जगात मला जी एक गोष्ट सर्वांत जास्त जाणून घ्यायची होती, ती कळली की त्याच दिवशी माझा गट रस्त्यावर!

*

पहिल्याच शनिवारी नितीन वानखेडे आला. मूळचा वर्ध्याचा, हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टर. फोटो बघून त्याने लगेच निकाल दिला.

"ठिपके-बिपके काही नाही बावा. कॅमेऱ्यात बग आहे."

मी उत्साहाने समजावलं, की वेगवेगळ्या कोनांतून काढलेल्या फोटोंत ते दिसतात, सेरेस फिरला की त्याच्याबरोबर फिरतात, म्हणजे ते जमिनीवरच आहेत.

"अच्छा. म्हणजे रिप्रोड्यूसिबल आहे, दर वेळी दिसते. मग तर मोठाच बग आहे! डेव्हलपर काय म्हणून राहिला?"

"कोण डेव्हलपर?"

नितीनने पंख्याच्याही वर बोट दाखवलं.

सर शेवटच्या बाकावर पेपर तपासत बसलेले असत. आमच्याकडे लक्ष नाही असं दाखवण्याची त्यांची पद्धत होती. मान वर न करता ते म्हणाले, "त्याने ती तक्रार कधीच क्लोज केली असेल. 'वर्किंग ॲज डिझाइन्ड' म्हणून."

नितीन आ वासून बघत राहिला. सरांची सूनही हिंजवडीतच आहे, हे आम्हाला फार नंतर कळलं.

*

जगतापअण्णा कात्रजच्या पलीकडून यायचे. त्यांचं गाव महापालिकेत गेलं होतं, अर्ध्या शेतावर बिल्डिंगी उभ्या होत्या आणि उरलेल्या अर्ध्यात म्हशी. संध्याकाळचं दूध डेअरीला घालून ते तसेच बुलेटवरून हॉलवर येत.

"ताई, येवढा काय इचार करताय? सोपं हाय. तिथं प्लॉटिंग सुरू झालंय."

"अण्णा, तिथे हवासुद्धा नाही!"

"आमच्याकडं पाणी नव्हतं. थांबलं का काम?"

सगळे हसले. अण्णा मात्र फोटोकडेच बघत होते. "पहिल्यांदा असाच एक हॅलोजन लागतो. लांबनं ठिपकाच दिसतो. मग दुसरा लागतो. आन मग एक दिवस सकाळी बघावं, तर टेकडी अर्धी गेलेली."

सगळ्यांनी पुन्हा फोटोकडे पाहिलं.

नितीनने हळूच विचारलं, "अण्णा, तिथला रेट काय असेल?"

"आत्ताच घिऊन ठिव. नंतर हिंजवडीवाल्याला परवडायचं नाय!"

*

कुलकर्णी काकूंचा नुसत्या बोलण्यावर विश्वास नाही. त्या शाळेत शास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. "प्रयोग करा," त्या म्हणाल्या आणि एका रविवारी आम्हाला घरी बोलावलं.

प्रयोग असा होता. काकूंच्या गच्चीवर उन्हात चार काळे तवे मांडायचे. एकावर बर्फ, एकावर मीठ, एकावर तुरटी, एकावर रांगोळी. मग मी क्लासच्या गच्चीवरून, म्हणजे दोन बिल्डिंगी सोडून, दुर्बिणीतून बघायचं की जास्त काय चमकतंय. नितीनने काकूंच्या बाथरूममधून आणखी एक पुडा उचलून आणला. "काकू, हा धुण्याचा सोडा पण ठेवू ना?"

"ठेव जागेवर! आकाशात कोण कपडे धुतंय?"

मी क्लासच्या गच्चीवर जाऊन दुर्बीण लावली. मधल्या एका बिल्डिंगीतले गृहस्थ बाल्कनीत आले. "अहो बाई, दुर्बिणीतून काय बघताय?"

"तवे!"

त्यांनी काकूंच्या गच्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "जेवायला बोलावलं नसेल, तर घरी जा."

तेवढ्यात बर्फ वितळला. मीठ वाऱ्याने उडालं. रांगोळी छान चमकत होती, पण सेरेसवर रांगोळी आहे असं मी कुठल्या तोंडाने सांगणार? आणि तुरटीचा खडा कावळ्याने उचलून नेला.

शनिवारी काकूंनी निष्कर्ष वाचून दाखवला. "ज्याअर्थी ठिपके अद्याप जागेवर आहेत, त्याअर्थी सेरेसवर कावळे नाहीत."

मागच्या बाकावरून आवाज आला, "स्टेप्स बरोबर आहेत."

*

पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात आम्ही क्लासच्या गच्चीवर टेलिस्कोप लावला. 'सेरेस पाहा, सर्वांना प्रवेश' अशी पाटी, माझ्या ॲरिझोनातल्या पदवीसकट, खाली लावली. साडेसातला बरीच मोठी रांग लागली आणि मला भरून आलं.

मफलर गुंडाळलेले एक आजोबा पुढे आले. ऑक्टोबरात मफलर! त्यांनी डोळा लावला. बराच वेळ लावला.

"हे?"

"हो, तोच सेरेस."

"यात ठिपके कुठे आहेत?"

"ते नाही दिसणार इथून. इथून आख्खा सेरेसच एका ठिपक्याएवढा दिसतो."

"म्हणजे ठिपक्यावरचे ठिपके शोधायला आपण परदेशी जाऊन आलात."

"हो."

"आणि परत आलात."

"हो."

"बरं," म्हणाले आणि गेले. माझा चेहरा पडला. काकूंनी पाठीवर हात ठेवला.

दहा मिनिटांनी पाहते, तर मफलर रांगेच्या शेवटी!

"आजोबा, काही राहिलं का?"

"राहिलं काही नाही. मघाशी नीट बघितलं नव्हतं. आपण आपलं काम करा."

*

डिसेंबरात एका शनिवारी अमोल वर्तमानपत्र नाचवतच हॉलमध्ये आला. "आलं उत्तर! मीठ आहे मीठ! बाबा, पुसायचं का?"

मी बातमी वाचली. कुठल्याशा प्रकारचा क्षार असू शकतो, असं काही शास्त्रज्ञांचं म्हणणं होतं. खरं होतं ते मी सांगितलं. "अमोलदादा, इथे 'असू शकतो' लिहिलंय."

"मग? आमच्या पालकांनाही मी 'ॲडमिशन मिळू शकते' असंच सांगतो. ते भरतात की फी!"

सर पेपर तपासतच म्हणाले, "'असू शकतो'ला मार्क नाहीत."

अमोल पाय आपटत गेला. नितीनने मला चिमटा काढला. "वाचलो ना बावा!" मी खूश झाले, आणि मग खूश झाल्याबद्दल मला फार विचित्र वाटलं. उत्तर आलं नाही म्हणून आनंद मानणारी मी कसली शास्त्रज्ञ?

*

आणि मग पुढच्या जूनमध्ये उत्तर आलंच.

एका इंग्रजी शोधपत्रिकेत लेख आला. या वेळी 'असू शकतो' नव्हतं. मी दोनदा वाचला, उठून घरभर फेऱ्या मारल्या, पुन्हा वाचला. शनिवारी हॉलखालच्या अमृततुल्यमध्ये चहा पिताना नितीन, अण्णा आणि काकूंना गाठलं आणि सांगितलं, की ठिपके कशाचे ते कळलंय.

कोणी "कशाचे?" असं विचारलंच नाही!

काकू म्हणाल्या, "मराठी पेपरात आलंय?"

"नाही अजून."

"मग घाई कसली? लोक लग्नं जमलेलीसुद्धा साखरपुड्यापर्यंत बोलत नाहीत."

नितीन म्हणाला, "टेस्टिंग सुरू आहे म्हण ना. आमच्याकडे दोन-दोन वर्षं सुरू राहते."

"अमोलने बॅचचा बोर्डसुद्धा रंगवून ठेवलाय," काकू म्हणाल्या. "आपण कुठे जायचं?"

"जागा मी देतो की," अण्णा म्हणाले. "पण शनिवारच्या ट्रॅफिकमधनं कात्रजला येणार कोण?"

मला रडू फुटायच्या बेतात होतं. "आपण प्रश्न विचारायला जमलो होतो ना? उत्तर लपवायला नाही. हे जर मी आज लपवलं, तर मी इथे आलेच कशाला?"

अण्णांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "मग चला. सांगून टाका."

हॉल भरला होता. मफलरवाले आजोबा पहिल्या बाकावर होते, जूनमध्येही मफलरसकट. दारात अमोल उभा. सर मागच्या बाकावर, पेपरांत डोकं घालून.

मी सांगितलं, "ठिपक्यांत मुख्यतः सोडियम कार्बोनेट आहे. म्हणजे आपला धुण्याचा सोडा."

"काय?" काकू ताडकन उभ्या राहिल्या. "माझ्या बाथरूममधला?"

"पुडा हातात होता माझ्या!" नितीन ओरडला. "ठेव जागेवर म्हणाल्या!"

हसण्याचा कल्लोळ उठला. त्या गोंधळात मी फळ्याकडे गेले आणि डस्टर उचललं. दीड वर्षात ती चौकट कोणी पुसली नव्हती.

"थांबा." सर उठून पुढे आले. "कशावरून सोडा?"

"तिथून परत येणाऱ्या प्रकाशावरून, सर. यानावरच्या उपकरणाने तो तपासला."

"ठीक. तिथे आला कुठून?"

"आतून खारं पाणी वर आलं असावं. पाणी उडून गेलं, सोडा उरला."

"असावं?"

"असावं."

"एवढ्या थंडीत पाणी गोठलं कसं नाही?"

"त्यावर वाद आहे."

"वर कशाने आलं?"

"माहीत नाही."

"आत अजून आहे?"

"तेच तर शोधायचंय, सर!" मी इतक्या जोरात बोलले, की दारातला अमोल दचकला.

सरांनी माझ्या हातातून डस्टर काढून घेतलं आणि खिडकीत ठेवलं. खडू घेतला. माझ्या प्रश्नाखाली सावकाश लिहिलं: 'धुण्याचा सोडा'. त्याच्यापुढे लिहिलं: '१/१०'. मग पट्टी लावून चौकट खालच्या बाजूला हातभर वाढवली आणि पेपर तपासायला निघाले.

अमोलला राहवेना. "पण बाबा, उत्तर बरोबर आहे ना?"

"म्हणून तर एक दिला."