आखाजीचा होकार

माझे आईवडील नवराबायको आहेत की नाहीत, असा प्रश्न मला कधी पडेल असं वाटलं नव्हतं. पण कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना तो पडला, आणि त्याचं उत्तर मिळेपर्यंत आमच्या घराचे दोन तुकडे झाले होते. हे सगळं लिहावं की नाही यावर मी बरेच दिवस अडले. मला लिहिण्याची सवय नाही, आणि जे घडलं त्यात चमत्कार म्हणावं असं काही दाखवताही येणार नाही. तरी जे मिळालं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आम्ही मूळचे खानदेशातले. वडील, म्हणजे आमचे नाना, लग्नानंतर काही वर्षांनी सुरतेला आले आणि यंत्रमागावर लागले. घर भेस्तानला, एका चाळीत. सुरतेत प्लेग आला त्या साली अर्धी चाळ गावी पळाली तेव्हा नाना तापाने पडलेले होते, म्हणून आम्हाला हलता आलं नाही. ताप साधाच होता, पण आमच्या दाराशी यायला कोणी धजत नव्हतं. तेव्हा मागच्या गल्लीतल्या एका खोलीत प्रार्थनेला जमणारी ख्रिस्ती मंडळी रोज आमच्याकडे भाकरी आणि औषध घेऊन यायची. नाना उठून बसल्यावर आधी त्या खोलीत गेले. हळूहळू माय जाऊ लागली, मग मी. नानांचं मन तिथे असं लागलं की त्यांनी बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती व्हायचं ठरवलं, आणि तो मायबरोबरच घ्यायचा असं त्यांच्या मनात होतं.

मंडळीचे पाळक, म्हणजे तिथले धर्मगुरू, तरुण होते. नुकतेच शिकून आलेले, बोलण्यात कळकळ होती. त्यांनी नानांना लग्नाविषयी विचारलं. नानांनी सांगितलं, हळद लागली, अंतरपाट धरला, अक्षता पडल्या. पाळक म्हणाले, "त्यात तुम्ही दोघांनी एकमेकांना वचन दिलं का? बाईंना कोणी विचारलं का?" नाना म्हणाले, "आमच्यात पोरीला विचारत नाहीत." त्यावर पाळकांनी बराच विचार करून सांगितलं की, असं असेल तर देवाच्या दृष्टीने ते लग्न झालंच नाही. बाप्तिस्म्याआधी मंडळीसमोर नव्याने लग्न करावं लागेल, आणि तोपर्यंत दोघांनी वेगळं राहिलेलं बरं.

नाना सांगितलेलं ऐकणारा माणूस. मागमालक म्हणाला दुसरी पाळी कर, तर करणार. त्यांनी घरी येऊन खाली मान घालून हे मायला सांगितलं. मायने पोळपाट बाजूला सारला. म्हणाली, "म्हणजे इतकी वरीसं मी कोण होते? आणि ही पोर कोणाची?" मायने मग एवढंच सांगितलं की ती दुसऱ्यांदा हळद लावून घेणार नाही, आणि त्या खोलीत पायही ठेवणार नाही. दुसऱ्या दिवशी नाना पत्र्याची पेटी घेऊन कडोदऱ्याला, कारखान्यामागच्या कामगारांच्या खोलीत राहायला गेले.

चाळीत बायकांना विषय मिळाला. नळावर शेजारच्या काकू म्हणाल्या, "काय वो, देव सापडला अन् बायको हरवली का त्यांची?" माय हसली, पण त्या दिवशी तिने हंडा अर्धाच भरून आणला. मला राग कोणाचा यावा ते कळत नव्हतं. पाळकांवर येत होता, नानांवर येत होता, आणि खरं सांगायचं तर ज्या देवासाठी हे चाललं होतं त्याच्यावरही येत होता. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. माय मला म्हणाली, "तू शिकेल शे ना? मंग सांग माले, मी लगीनवाली का नही?" मी मनाशी पक्कं केलं, की याचं उत्तर मी आणीनच आणि नानांना घरी आणीन. प्रार्थना करायला बसले तर शब्द येईनात. "तुला खरंच आमचं घर मोडायचंय का?" एवढंच म्हणून उठले.

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर मी शहरातल्या एका जुन्या दगडी चर्चकडे चालत गेले. तिथे माझी कोणाशी ओळख नव्हती. जाऊन काय विचारायचं तेही नीट ठरलं नव्हतं. पोहोचले तर फाटक उघडं, पण दार बंद. दुपारची वेळ, आवारात चिटपाखरू नाही. परत जावं असं दोनदा वाटलं. पण रिकाम्या हाताने मायसमोर कसं उभं राहायचं, म्हणून पायरीवर बसून राहिले.

सावलीच्या बाजूला एक म्हातारे गृहस्थ बसले होते. चुरगळलेला सदरा, मांडीवर कापडी पिशवी. येताना मी त्यांना पाहिलंही नव्हतं. त्यांनी आधी गुजरातीत सुरुवात केली, ती जमेना तेव्हा स्वतःशीच मराठीत पुटपुटले, "इथं प्यायला पाणी कुठं मिळतं कुणास ठाऊक." मी माझी बाटली पुढे केली. "अरे, मराठी का तू?" म्हणून ते मोकळे हसले. ते जालन्याकडचे फादर होते. मुंबईला तपासणीसाठी गेले होते, परतताना एका ओळखीच्या माणसाला भेटायला सुरतेला उतरले, आणि भुसावळकडची सकाळची गाडी चुकली. संध्याकाळच्या गाडीपर्यंत इथे टेकावं म्हणून आले, तर दार बंद.

अनोळखी माणसाला घरचं सांगायचा माझा स्वभाव नाही. पण सगळं सांगून गेले. ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "लोक म्हणतात फादर लग्न लावतात. मी कधीच कोणाचं लावलं नाही, बाळ. मी नुसता उभा असतो, साक्षीला. नवरा आणि नवरी एकमेकांना मनापासून हो म्हणतात, त्याने लग्न होतं. तुझे आईवडील ख्रिस्ती नव्हते, तेव्हा तुमच्या रीतीने, तुमच्या माणसांत ते एकमेकांचे झाले. देवाने ते ऐकलंच नाही असं कोण म्हणेल? दोघांचा बाप्तिस्मा झाला की तेच लग्न पवित्र होतं. दुसरं लावायची गरज नाही."

माझा जीव भांड्यात पडला. मी उठायला लागले, तर त्यांनी हाताने थांबवलं. "पण तुमच्या पाळकाचा प्रश्न फुकट घालवू नकोस. त्याची घाई झाली, प्रश्न खोटा नाही. होकार हा दोघांचा असावा लागतो, आणि तो कोणी दाबून घेतलेला नसावा. तुझ्या आईला हे लग्न हवं होतं का?"

मी म्हणाले, "सगळ्यांचं होतं तसं झालं असेल."

"कसं झालं ते मी विचारत नाही. तिला हवं होतं का? तिला विचारलंस कधी?"

मी नाही म्हणाले. ते म्हणाले, "मग मला काय विचारतेस? घरी जा." आणि बाटली परत देताना मिश्किलपणे म्हणाले, "पाळकावर रागावू नकोस. त्या वयात मीही पुष्कळ लोकांना घाबरवलंय."

घरी आले तेव्हा माय भाकरी थापत होती. हा प्रश्न आईला कसा विचारायचा हे कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत. मला भीतीही होती. ती नाही म्हणाली तर? पण विचारायचं ठरवलं होतं, म्हणून विचारलं. मायचा हात पिठातच थांबला. "आते इचारी ऱ्हायनी तू?" म्हणाली, आणि हसली. मग जे सांगितलं ते अहिराणीत. इथे बरंचसं साध्या मराठीत लिहिते.

लग्नात तिला कोणीच विचारलं नव्हतं. ती घाबरून गेली होती. नवऱ्याचा चेहरासुद्धा तिने नीट पाहिलेला नव्हता. पहिल्या आखाजीला ती माहेरी आली. आमच्या खानदेशात अक्षय तृतीयेचा हा सण लेकींचा. निंबाला झोके बांधतात, सासुरवाशिणी माहेरी येऊन गाणी म्हणतात. मायने मनाशी ठरवलं होतं की आता परत जायचंच नाही. सण झाल्यावर तिला न्यायला सासरहून दीर येईल अशी सगळ्यांची समजूत होती. आले ते नाना, एकटे. जावई स्वतः बायकोला न्यायला आला म्हणून बायका तोंडाला पदर लावून हसल्या. माय झोक्यावर होती. नाना झोक्यासमोर येऊन उभे राहिले, हातात टोपी, आणि सगळ्यांदेखत विचारलं, "येशी का?" मायचा झोका चालूच राहिला. तेव्हा ते म्हणाले, "तुला नसेल यायचं तर मी एकटा जातो. घरी सांगतो की मीच आणलं नाही. तुझ्यावर बोल येणार नाही."

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय. झोका थांबवला अन् उतरले." मायने भाकरी तव्यावर टाकली. "त्या दिवशी माझं लगीन झालं. हळद आधी लागेल होती, एवढंच."

रविवारी आम्ही दोघी शेअरच्या शटल रिक्षाने कडोदऱ्याला गेलो. वाटेत मी फादर काय म्हणाले ते मायला समजावत होते, पण तिचं लक्ष नव्हतं. नाना कारखान्याबाहेर आले, हात ग्रीसने काळे. मागांच्या आवाजाने त्यांना हल्ली कमी ऐकू येतं. माय हळू बोलली, त्यांना ऐकूच गेलं नाही. शेवटी तिला ओरडावं लागलं, "त्या आखाजीले तुम्ही माले काय इचारं व्हतं?" दारात दोनचार कामगार जमले. नाना लाजून इकडेतिकडे बघू लागले. "काय इचारं व्हतं? सांगा ना."

नाना अगदी हळू म्हणाले, "येशी का."

"मी उतरनू का नही झोकावरथीन?"

नानांनी मान डोलावली. माय पदर सावरून म्हणाली, "मंग आते मी इचारस. येशात का घर? नही म्हनशात तर मी एकलीच जासू. मंडळीले मीच सांगसू की मीच नही आणं." एक कामगार मागून म्हणाला, "जा ना काका, किती वाट बघायला लावता." नाना मागे खोलीत गेले. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या डोक्यावर ती पत्र्याची पेटी होती.

मायच्याच म्हणण्यावरून पाळकांकडे आम्ही तिघं मिळून गेलो. मायने तीच आखाजी त्यांना सांगितली. ते म्हणाले, "ताई, मी रीत विचारली. तुम्हाला विचारायला हवं होतं." त्यांनी आपल्या वडीलधाऱ्या पाळकांनाही विचारून घेतलं, आणि दुसऱ्या लग्नाची गोष्ट पुन्हा निघाली नाही. आखाजी तोंडावर आली असताना तापीच्या काठी दोघांचा बाप्तिस्मा झाला. आपल्या खुशीने घेता ना, असं पाळकांनी प्रत्येकाला विचारलं. मायने आधी नानांकडे पाहिलं आणि मग स्वच्छ आवाजात हो म्हटलं.

मी त्या दिवशी काठावरच उभी होते. मला हो म्हणायला आणखी काही काळ लागला, आणि त्या काळात मला कोणी ढकललं नाही याची कृतज्ञता वाटते. त्या फादरांचं नाव मी विचारलं नव्हतं. नंतर त्या चर्चमध्ये चौकशी केली, पण कोणाला काही माहीत नव्हतं. त्यांची गाडी चुकली हे माझ्यासाठीच होतं असं मी कोणाला पटवायला जाणार नाही. मी फक्त आभार मानते. समर्पण म्हणजे देवाने आपल्याला ओढून नेणं, असं मी समजत होते. आता प्रार्थनेला बसले की मला तो निंब दिसतो, झोक्यासमोर टोपी हातात धरून उभा राहिलेला कोणीतरी दिसतो. तो विचारतो, आणि माझ्या उत्तराची वाट पाहत उभा राहतो. झोका थांबवून उतरायचं तेवढं माझ्याकडे असतं.