परकर शिवणारीचा झेंडा

मशीनखाली चिंध्या साठतात, तसे किस्सेही साठतात. चिंध्यांची निदान गोधडी होते. किस्स्यांनी हसं होतं, तेही माझंच!

तर तलावाकाठी आटपाट मेहरूण होतं. तिथं आमचे हे, म्हणजे आबा, होते. सून रेखा होती. आणि मशीनवर बसलेली एक म्हातारी होती, ती मी. रेखा डाळमिलमध्ये जायची. तिथल्या धुळीनं तिचा खोकला हटेना. घरी झेंडे शिवायचं कायमचं काम मिळालं, तर तिची मिल सुटणार होती. पण शिकवायला कोण? मी! जन्मभर परकर शिवलेली!

हाताला सवय परकराचीच. पहिल्या झेंड्याला काठीसाठी नेफा केला, त्याला चीर ठेवली, वर नाडीही ओवून दिली! गिऱ्हाईक बघतच राहिलं. "अक्का, हाऊ झेंडा लावाना शे का नेसाना शे?"

मग एका झेंड्यावर ओम लावायचा होता. मला अक्षरओळख नाही. रेखानं कापून दिलेला ओम मी पाठीकडून शिवला. ती ओरडली, "आई, उलटा झाला!"

म्हटलं, "वारा फिरला की होईल सुलटा!"

कानबाई देवीच्या मिरवणुकीचा झेंडा तर एवढा मोठा, की बायांनी टोकं धरून उचलला आणि त्याच्याबरोबर मीही उठले. पदर शिवणीत गेलेला! आबांनी उभं राहून मला सलाम ठोकला.

आणि मग धुळ्याहून, देवपूरच्या देवळातले नाना आले. "कळसावर वारा असा, की कड फाटतेच. तुमचा झेंडा टिकला तर सालभराचं काम तुमचं. नमुना शिवून ठेवा, बघायला येतो."

रेखानं कड दुमडून परत दुमडली, दुहेरी टीप मारली, कोपऱ्यांना ठिगळं दिली. पण नाना यायच्या दिवशी पानही हलेना! टिकतो की नाही, कळणार कसं?

म्हटलं, "रेखा, स्कूटी काढ."

ती पुढं, मी मागं काठी धरून. तलावाला चक्कर मारली. झेंडा फडफडला, तशा मागं मोटरसायकली लागल्या, मग रिक्षा. कुणीतरी "विजय असो"ही सुरू केलं! समोरून येणारी एक रिक्षा त्या गर्दीत अडकली. आतून घामाघूम नाना उतरले.

"अक्का! हाई काय शे?"

"नमुना!"

नानांनी कड ओढून पाहिली. टाका हलला नव्हता. "काम तुमचं," म्हणाले. रेखानं तिथूनच मिलला फोन लावला, "उद्यापासून येत नाही."

मागून एक जण ओरडला, "अक्का, आपल्या मागण्या काय?"

म्हटलं, "एकच होती. आत्ताच मंजूर झाली!"